सतरा नंबरची कात्री

दुधाची पिशवी आली की मी आधी तारीख वाचतो, मग शिवण बघतो, मगच ती घरात घेतो. गॅसचा सिलिंडर आला की वजन केल्याशिवाय त्या माणसाला जिना उतरू देत नाही. नाशिकच्या द्वारका चौकात रिक्षावाला "सुटला सिग्नल" म्हणाला तरी मी मान बाहेर काढून स्वतः बघतो. बायको म्हणते, "तुम्ही देवळातला प्रसादसुद्धा हुंगून तोंडात टाकता. मला कसं काय पसंत केलंत देव जाणे, तपासायला वेळ कमी पडला असेल." ती एका मोठ्या हॉस्पिटलात सिस्टर आहे. दिवसभर दुसऱ्यांची गोड बोलून विचारपूस करते आणि उरलेला जोर घरी येऊन माझ्यावर काढते.

पण माझा तरी काय दोष? संशय घ्यायचाच मला पगार मिळतो. ओझरच्या पुढं हायवे सोडून आत वळलं की द्राक्षाचं एक पॅकहाउस आहे, परदेशात माल पाठवणारं. तिथं मी क्वालिटी बघतो. शेतकरी म्हणतो साखर भरलीय, मी म्हणतो मोजून दाखव. ड्रायव्हर म्हणतो गाडी सावलीत होती, मी क्रेटच्या बुडाला हात लावून बघतो. बरीच वर्षं हे केलं की ते अंगात मुरतं. संध्याकाळी हात धुतले म्हणून जात नाही. आता जे सांगणार आहे ते याच सवयीपायी माझ्या हातून घडलं.

आमचं काम तसं साधं. सकाळी बागेतून क्रेट येतात. लांबलचक हॉलमध्ये स्टीलची टेबलं, टेबलांना बायका, प्रत्येकीच्या हातात बारीक टोकाची कात्री. घड देठाला धरायचा, मण्याला बोट लावायचं नाही, कारण मण्यावरची पांढुरकी झाक पुसली गेली की तिकडच्या गिऱ्हाइकाला माल शिळा वाटतो. बारका, डागी, फुटका मणी कात्रीनं अलगद काढायचा, घड डब्यात बसवायचा, डबे पेटीत. पेटी थंड खोलीत जाते आणि तिथून बोटीवर.

या बायकांत एक मावशी होती. पन्नाशी ओलांडलेली, माहेर नांदगावकडचं, सासर इथलंच जवळच्या गावातलं. दोरी लावलेला चष्मा, पदर कमरेला खोचलेला. पॅकहाउस उघडलं त्या पहिल्या दिवसापासून ती टेबलाला होती. तिच्या हाताला तोड नव्हती. बाकीच्या बायका एका घडाशी झटत असायच्या तोवर हिचे तीन भरून व्हायचे, आणि उचलून बघा कुठलाही, बोट ठेवायला जागा नाही. बोलायला फटकळ. मला "भाऊ" म्हणायची. "भाऊ, तोंड का कडू सकाळ सकाळ? खा की एखादं द्राक्ष, पगारातून कापणार नायत." आजूबाजूच्या गावांतल्या पॅकहाउसांतून तिला बोलावणी यायची. हंगामात पिकअप गाडीत पुढची सीट तिची, ड्रायव्हरच्या शेजारची. कुणी ठरवलं नव्हतं, पण तिथं दुसरी कुणी बसत नव्हती.

आणि खराब क्रेट आला की तोही तिचाच. असा नियम कुठं लिहिलेला नाही, पण सगळीकडं असंच चालतं. सोपा माल नव्या पोरींना, अवघड माल चांगल्या हाताला. अवकाळी पावसाचा शिंतोडा बसलेल्या बागेच्या प्लॉटचा माल आला की मी दारातूनच ओरडायचो, "हा मावशीकडं टाका!" मला तर ती माझी हुशारी वाटायची. ती घड उचलून बघायची आणि कपाळाला आठ्या घालायची.

"भाऊ, हा माल नका ओ धाडू. वरून चांगला दिसतोय, पण देठापाशी मणी चिरलाय. आज कळणार नाय, गारव्यात गेला की फुटंल."

"मावशी, तुम्ही आहात ना. जमवा."

"जमवते. पन मी काय जादूगार हाय का?" असं म्हणून हसायची आणि कात्री चालवायला लागायची. हे इतक्यांदा झालं की मी ऐकणंच सोडून दिलं होतं.

मग दोन हंगामांमागं मालकांनी पुण्याहून एक सर आणले. कामात सुधारणा कशी करायची ते शिकवणारे. पांढरा शर्ट, आवाज एकदम मऊ. मऊ आवाजाच्या माणसावर माझा आधीच विश्वास नाही. त्यांनी पहिल्या दिवशी प्रत्येक बाईला एक नंबर दिला आणि प्रत्येक पेटीवर तो चिकटवायला लावला. म्हणजे तिकडून तक्रार आली तर पेटी कुणी भरली ते लगेच कळेल. "आता शिंकलं तरी नंबर लागंल," एकीनं कुजबूज केली. मावशीला सतरा नंबर मिळाला. ती मोठ्यानं म्हणाली, "म्हशीच्या कानात बिल्ला मारत्यात, तशी गत झाली गं आपली." सगळा हॉल हसला, सरसुद्धा हसले.

माझ्या डोक्यात मात्र वेगळंच. हा माणूस माझ्या डोक्यावर बसायला आणलाय. आज बायकांना नंबर, उद्या मला घरी. ते देत ते कागद मी दोनदा वाचायचो, मेख कुठं आहे ते शोधायचो. चहाच्या वेळी एकदा ते माझ्याजवळ येऊन बसले. म्हणाले, "चूक सापडली की 'का' विचारायचं. उत्तर आलं की त्यालाही 'का' विचारायचं. असं निदान पाच वेळा. आणि एक लक्षात ठेवा, मध्येच माणसाचं नाव आलं तर थांबायचं नाही. खरं तिथून पुढं असतं." मी मान डोलावली. मनात म्हणालो, हा शहाणा मला शिकवणार.

पंधरा दिवस राहून, मालकांना सगळं समजावून सर गेले. जाताना हॉलच्या भिंतीवर एक मोठा पांढरा बोर्ड लावून गेले. नंबरवार तक्रारी त्यावर लिहायच्या होत्या.

पहिली तक्रार फोटो होऊन मालकांच्या फोनवर आली. उघडलेली पेटी, फुटलेले मणी, त्यावर करडी बुरशी, आणि कोपऱ्यात चिकटपट्टीवर स्पष्ट सतरा. मला वाटलं चुकून झालं असेल. पुढच्या आठवड्यात पुन्हा सतरा. मग तिसऱ्यांदा. मालकांनी लाल पेनानं बोर्डावर खुणा केल्या. बाकी सगळे रकाने पांढरे आणि सतराचा लाल.

झालं! माझं डोकं फिरायला एवढं पुरे होतं. इतकी वर्षं ही बाई आपल्याला झुलवतेय की काय? का आता वयानं हात उतरला? मी तिला विचारलं नाही. विचारायचं कशाला, ज्याच्यावर संशय आहे तो खरं कशाला सांगेल, असा माझा हिशेब. दोन दिवस मी खांबाआडून तिच्यावर नजर ठेवली. बघतो तर काय, ती एकेक घड खिडकीकडं नेतेय. उजेडात धरतेय, जवळ आणतेय, लांब नेतेय, डोळे बारीक करतेय. मध्येच पदरानं डोळे पुसतेय. मी खिशातल्या डायरीत लिहून ठेवलं. सापडलं! चोर सापडल्याचा आनंद होतो ना, तसा आनंद मला झाला. खोटं कशाला सांगू.

दुसऱ्या दिवशी सकाळी सगळ्या बायकांना बोर्डासमोर उभं केलं. मालक बाजूला हात बांधून उभे. मी तेच लाल पेन घेतलं आणि सरांनी शिकवलं तसं लिहायला लागलो. पेटीत बुरशी का? मणी फुटला म्हणून. मणी का फुटला? कात्रीचं टोक लागलं म्हणून. टोक का लागलं? सतरा नंबरला नीट दिसत नाही म्हणून. तीन 'का' झाले होते. पण उत्तर तर मिळालं होतं, मग आणखी दोन कशाला वाया घालवा?

"मावशी, वाईट वाटून घेऊ नका," मी सगळ्यांसमोर म्हणालो. "पण तुमची नजर गेली. आता कात्रीचं काम तुमच्यानं होणार नाही."

मावशीनं बोर्डाकडं बघितलं. मला वाटलं आता हिच्या तोंडाचा पट्टा सुटणार, मी उत्तरं तयारच ठेवली होती. तिनं कात्री पदराला पुसली आणि टेबलावर ठेवली.

"भाऊ, तुम्ही म्हणता तर असंल," एवढंच म्हणाली आणि गेली.

भांडली असती तर मला बरं वाटलं असतं. न भांडता गेली, यातही मला काळंबेरं दिसलं. म्हटलं, हिला माहीतच होतं, म्हणून गप्प बसली.

मालकांनी त्याच दिवशी तिकडच्या कंपनीला कळवलं की कारण सापडलं आणि कारण दूरही केलं. मला खांद्यावर थाप मिळाली. मावशीची बातमी मात्र पिकअप गाड्यांतून चार दिवसांत गावोगाव पोचली. सतरा नंबरला दिसत नाही. ज्या पॅकहाउसांतून तिला बोलावणी यायची तिथं ती गेली तर म्हणे, "मावशी, तुम्ही आता आराम करा." हंगामाचे ते चार महिने तिला जो मान असायचा तो तिनं स्वतःच्या बोटांनी मिळवला होता, आणि मी एका सकाळी लाल पेनानं तो काढून घेतला. पण तेव्हा हे मला दिसत नव्हतं. मला वाटत होतं मी माझं काम केलं.

तीन आठवड्यांनी मालकांचा फोन पुन्हा वाजला. तीच बुरशी, तेच फुटके मणी. नंबर नऊ.

आता मी हादरलो. नऊ नंबरची बाई म्हणजे मावशीच्या खालोखालचा हात. आणि दोघी एकाच गाडीनं यायच्या! मी तिथंच धागा जुळवला. दोघींचं संगनमत असणार, मावशीनं सूड म्हणून हिला फितवलं असणार. थंड खोलीच्या ऑपरेटरवर माझा डोळा गेला, पेट्या उचलणाऱ्यांवर गेला. दोन रात्री झोप नाही नीट. जगातल्या प्रत्येक माणसावर मी संशय घेऊन पाहिला, एक सोडून.

त्या संध्याकाळी बायको ड्यूटीवरून आली ती पर्स आपटतच. जेवायला बसलो तरी तिचा पारा उतरेना.

"काय झालं?" मी विचारलं.

"तो नवीन मॅनेजर! मोठा तक्ता लावलाय कॉरिडॉरमध्ये. कुठल्या डॉक्टरचे पेशंट जास्त दगावतात. सगळ्यात वर कोण, तर आमचे सगळ्यात जुने सर्जन. अहो, ज्या केसला कुणी हात लावत नाही ती सगळे उचलून त्यांच्याकडं धाडतात. मरायला टेकलेला माणूस त्यांच्याच टेबलावर येतो, मग जास्त कुणाकडं दगावणार? आणि ज्याच्याकडं नुसते सर्दी-पडशाचे येतात तो म्हणे सगळ्यात चांगला! एवढी अक्कल नाही त्या शहाण्याला. आधी बघावं की कुणाच्या वाट्याला काय येतं, मग तक्ते लावावेत."

माझ्या हातातला घास हातातच राहिला.

"काय, मीठ जास्त पडलंय का?" ती म्हणाली. "आता भाजीवर संशय?"

"नाही."

"मग कुणावर?"

"माझ्यावरच," मी म्हणालो. तिनं पहिल्यांदाच काही टोमणा मारला नाही.

दुसऱ्या दिवशी सगळ्यांच्या आधी जाऊन मी आवक वही काढली. कुठल्या प्लॉटचा माल आला आणि कुठल्या टेबलाला गेला ते मीच त्यात लिहितो. फोटोतल्या पेट्यांच्या तारखा लावून बघितल्या. पहिली तक्रार, पाऊस लागलेला प्लॉट, समोर माझ्या अक्षरात 'मावशीकडे'. दुसरी, 'मावशीकडे'. तिसरी, 'मावशीकडे'. चौथीला मावशी नव्हती, म्हणून 'नऊकडे'. राहिलेले दोन 'का' आता माझे मलाच विचारावे लागले. मणी का फुटला? बागेतूनच चिरलेला आला होता. मग तो भरला का? कारण ती नको नको म्हणत असताना मी घ्यायला लावला. आणि ती घड खिडकीकडं नेऊन काय बघत होती? चीर उजेडातच दिसते. नव्या पोरींना हे मीच शिकवतो. मला माझी इतकी लाज वाटली की त्या दिवशी मी हॉलमध्ये कुणाकडं वर मान करून पाहिलं नाही.

मालकांना सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, वही बघितली आणि दार लोटून घेतलं.

"रिपोर्ट गेलाय तिकडं," ते म्हणाले. "आता काय लिहू, आमचा क्वालिटीवालाच कारण निघाला? माल कोण घेईल आपला? तिला आणा परत, गुपचूप. खराब प्लॉट इथून पुढं गेटवरूनच परत पाठवा. पण त्या बोर्डासमोर एक शब्द बोलायचा नाही."

मी "बरं" म्हणालो. दोन मुलांच्या फिया, घराचा हप्ता, सगळं डोळ्यांपुढं आलं, आणि मी "बरं" म्हणालो.

तिच्या घरी गेलो तेव्हा ऊन कलतं होतं. ओट्यावर सून सूप घेऊन तांदूळ निवडत होती आणि मावशी शेजारी बसली होती, हात मांडीवर ठेवून. तिला असं रिकाम्या हातानं बसलेलं मी कधी पाहिलं नव्हतं. चहा झाला. मी एका दमात सगळं सांगून टाकलं, पाऊस, प्लॉट, वही, माझं अक्षर. "मावशी, तुमची नजर चांगली आहे. चूक माझी होती."

ती शांतपणे ऐकत होती. मग म्हणाली, "डोळे दाखवून आले ना मी नाशिकला. पोरगा घेऊन गेला. डॉक्टर म्हनला, आजी, मोतीबिंदू नाय, काय नाय, हाय तोच चष्मा बरोबर हाय."

"मग? मी काय सांगतोय!"

"मी म्हनलं, मशीन जुनं असंल त्याचं. भाऊ काय उगंच बोलतील? साखरेचा दाना पन पारखून घेनारा मानूस. त्यांनी दोन दिस बघितलं, मग बोलले." तिनं सुनेच्या सुपाकडं बोट केलं. "म्हनून आता तांदूळ पन हिलाच देते. खडा राहायचा आन पोराच्या दाताखाली यायचा."

मी पुन्हा सांगितलं. तिसऱ्यांदा सांगितलं, आवाज चढवून सांगितलं. ती माझ्याकडं बघून हसली, लहान मुलाकडं बघून हसतात तसं.

"तुमचा जीव लय मऊ हाय ओ भाऊ. म्हातारीला बरं वाटावं म्हनून एवढ्या लांब आलात."

आयुष्यभर मी सगळ्यांवर संशय घेतला, आणि त्या दिवशी एक बाई माझ्या खऱ्या बोलण्यावर संशय घेत होती.

ती परत आली, तेवढं मात्र केलं. जागा तीच, नंबर तोच. पण कात्री आता थांबत थांबत चालते. प्रत्येक घड साफ करून झाला की ती शेजारच्या बाईपुढं धरते, "बघ गं, नीट हाय का?" तिनं होय म्हटल्याशिवाय डब्यात ठेवत नाही. पिकअपमध्ये मागच्या फळीवर बसून येते. खराब माल आता गेटच्या आत येतच नाही, त्यामुळं तिच्या नावावर एकही तक्रार नाही. मालक पाहुण्यांना बोर्डापुढं नेतात आणि सतराचा रकाना दाखवतात. म्हणतात, बघा, आधी लाल होता, आता कसा कोरा, याला म्हणतात सुधारणा.

यंदाच्या हंगामाच्या शेवटच्या दिवशी सगळ्यांना पेढे वाटले. बायका बोर्डाजवळ उभ्या होत्या, मालकही होते. मावशी गर्दीतून पुढं आली आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "भाऊ, तुमच्यामुळं सुधारले मी. तुम्ही तवा बोलला नसता तर फुटकंच भरत बसले असते."

सगळ्या बायका माझ्याकडं बघत होत्या. ज्या बायकांसमोर मी तिला आंधळी ठरवलं होतं त्याच. मी तोंड उघडलं. मालकांनी माझ्याकडं पाहिलं.

"छान काम केलंत, मावशी," मी म्हणालो.